पाणी पेटतं कसं? रूपकांच्या सरमिसळीविषयी

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याहून बातम्या पाठवता. तुमच्या एकाच बातमीतली दोन वाक्यं वरिष्ठांनी कापली. पहिलं तुमचं स्वतःचं: "मराठवाड्याच्या अनुशेषाचा डोंगर भरून काढण्यासाठी भरीव निधी लागेल." दुसरं एका सरपंचबाईंचं, बैठकीत बोललेलं: "पाणी पेटलंय, अन् सायेब लोक त्याच्यावर आपली पोळी भाजून घ्यायलेत." दोन्हींवर एकच शेरा पडला, रूपकांची भेसळ. तुमचं म्हणणं असं की, ती बैठक ऐकणाऱ्या प्रत्येकाला बाईंचं बोलणं कळलं, तुमचं वाक्यही घरी सगळ्यांना कळलं. मग भेसळ कसली? लोक असं का बोलतात, आणि ऐकणाऱ्याला ते कळतं तरी कसं?

मी २८ वर्षं जिल्हा पानांवर उपसंपादक होतो. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला बसून लातूर, नांदेड, बीड, हिंगोलीकडून आलेला मजकूर तपासणं हेच काम होतं. आता पत्रकारितेच्या मुलांना शिकवतो. या काळात मिश्र रूपकं मी शेकड्यांनी कापली, आणि त्यातली काही कापायला नको होती असं आज वाटतं. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी प्रश्न नीट मांडू. हे वाक्य चूक की बरोबर, एवढ्यानं भागत नाही. डोंगर भरून काढता येत नाही आणि पाणी पेटत नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तरीही ही वाक्यं ऐकताना आपण अडखळत नाही. दुसरी काही वाक्यं मात्र ऐकताक्षणी खटकतात. हा फरक कशानं पडतो, हे शोधायचं आहे.

आपल्या जुन्या साहित्यशास्त्रात याची निम्मी उकल आहे. मम्मट या संस्कृत साहित्यशास्त्रकारानं 'काव्यप्रकाश' या ग्रंथात लक्षणेच्या, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ सोडून त्याच्याशी जोडलेला दुसरा अर्थ घेण्याच्या, अटी सांगितल्या आहेत: शब्दाचा मुख्य अर्थ तिथं अडला पाहिजे, जो दुसरा अर्थ घ्यायचा त्याचा मुख्य अर्थाशी संबंध पाहिजे, आणि तो घेण्यामागं एकतर रूढी असावी नाहीतर काही खास हेतू असावा. यातली तिसरी अट आपल्या कामाची. 'कुशल' या शब्दाचं उदाहरण तिथं येतं. कुश म्हणजे दर्भ, धारदार गवत. ते हात न कापता तोडून आणणारा तो मुळात कुशल. आज 'कुशल कारागीर' म्हणताना कुणाच्या डोळ्यांपुढं गवत येत नाही. ही झाली रूढीची लक्षणा. तिच्यातलं चित्र निजलेलं असतं. हेतूनं वापरलेल्या लक्षणेतलं चित्र जागं असतं, कारण बोलणाऱ्याला ते दाखवायचंच असतं.

आता "रस्त्याच्या कामाची मुहूर्तमेढ रोवली" हे वाक्य घ्या. मेढ म्हणजे मांडवाचा पहिला खांब. रस्त्याला मांडव नसतो, पण वाचणारा मांडव बघतच नाही, 'सुरुवात झाली' एवढंच घेतो. तसंच "लालफितीत अडकलेल्या प्रस्तावाला अखेर हिरवा कंदील." फायलींना बांधायची फीत एका जगातली, गार्डच्या हातातला कंदील दुसऱ्या जगातला, रंगसुद्धा एकमेकांविरुद्ध. हा मथळा मी स्वतः कितीतरी वेळा दिला असेल. कुणाचीही तक्रार आली नाही आणि येण्याचं कारणही नव्हतं. दोन्ही चित्रं गाढ निजलेली होती. निजलेली दोन माणसं एका खोलीत असली तर भांडण होत नाही.

ही झाली अर्धी उकल. पण सगळीच मिश्र रूपकं निजलेली नसतात. लोक जिवंत, डोळ्यांसमोर उभी राहणारी चित्रंही एकात एक मिसळतात, आणि तीही कळतात. हे मला पुस्तकातून नाही, एका चुकीतून कळलं.

२०१६ चा उन्हाळा. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं ते वर्ष. औसा तालुक्यातून एका बातमीदारानं एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं बोलणं पाठवलं होतं: "कर्जाचा डोंगर डोक्यावर हाय, अन् आमी त्यात गळ्यापतुर बुडालाव." मी ते नीटनेटकं केलं. डोंगर काढला, बुडणं काढलं, आणि छापलं, "आम्ही कर्जाच्या ओझ्याखाली दबलो आहोत." दुसऱ्या दिवशी बातमीदाराचा फोन आला. आबा पेपर घेऊन त्याच्या दारात आले होते, "हे मी बोललोच न्हाई" म्हणत होते. ते रागावलेले नव्हते, पण त्यांना वाईट वाटलं होतं, आणि ते मला आजही टोचतं.

मी काय घालवलं ते मला नंतर दिसलं. डोंगर म्हटलं की आकार येतो, आणि तो साऱ्या गावाला दिसतो, लपवता येत नाही, हेही येतं. बुडणं म्हटलं की श्वास येतो. गळ्यापर्यंत म्हणजे अजून जिवंत आहोत, पण आणखी वीतभर पाणी चढलं की संपलं. डोंगरात श्वास नाही आणि पाण्याला डोंगराचं दिसणं नाही. आबांना दोन्ही सांगायचं होतं, म्हणून त्यांनी दोन्ही चित्रं घेतली. माझ्या 'ओझ्या'त यातलं काहीच नव्हतं. ओझं खाली ठेवता येतं.

लोक रूपकं का मिसळतात, याचं माझ्या मते सगळ्यात मोठं कारण हेच आहे. जी गोष्ट मोठी असते, डोळ्यांना दिसत नाही आणि हाताला लागत नाही, ती एका चित्रात मावत नाही. कर्जासाठीच आपल्याकडे किती चित्रं आहेत बघा. कर्ज डोईवर असतं, त्याचा डोंगर होतो, त्यात माणूस बुडतो, त्याचा फास बसतो, ते फेडावं लागतं, अंगावर येतं, एकाचं काढून दुसऱ्याचं भागवावं लागतं तेव्हा त्याचं चक्र होतं. प्रत्येक चित्र कर्जाची एकेक बाजू दाखवतं. जॉर्ज लॅकॉफ आणि मार्क जॉन्सन या अमेरिकी अभ्यासकांनी १९८० मध्ये हेच फार नेटकेपणानं मांडलं. रूपक हा बोलण्यावर चढवलेला दागिना नाही, आपण विचारच रूपकांतून करतो, आणि एकाच अमूर्त गोष्टीसाठी मनात अनेक चित्रांचे साठे असतात, असं त्यांचं म्हणणं. 'वाद' घ्या. वादाला पाया असतो, वादात हल्ला होतो, वाद भरकटतो, वादातला धागा पकडता येतो. मोंढ्यात अडत्याशी भावावरून बोलणारा शेतकरी पाच मिनिटांत ही चारही चित्रं वापरतो. त्याचं बोलणं सरळ असतं, कारण मुद्दा एकाच दिशेनं जात असतो. चित्रं फक्त बदलत जातात.

दुसरं कारण साधं आहे. वाक्प्रचार जिभेवर शब्दाशब्दानं येत नाहीत, अख्खे येतात. 'खतपाणी घालणं', 'पाणी फेरणं', 'तोंडाला पानं पुसणं' ही तयार नाणी आहेत. रागात किंवा घाईत बोलताना माणूस खिशात हात घालतो आणि हाताला येईल ते नाणं टेकवतो. जॉर्ज ऑर्वेलनं १९४६ मध्ये इंग्रजी राजकीय लेखनाबद्दल लिहिताना मिश्र रूपक म्हणजे लिहिणारा डोळ्यांपुढं काहीच बघत नसल्याची खूण, असं म्हटलं होतं. पुढाऱ्यांच्या भाषणांबद्दल ते मला पुष्कळ खरं वाटतं. आबांबद्दल मुळीच नाही. म्हणून एकच शेरा सगळ्यांना लावू नये.

आता ऐकणाऱ्याला कळतं कसं. रूपकांचे अभ्यासक मायकेल किमेल यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात युरोपीय संघाविषयीच्या सार्वमतांवरचे 'गार्डियन' आणि 'सन' या ब्रिटिश वृत्तपत्रांतले लेख तपासले. रूपकं जिथं एकत्र झुबक्यानं येतात, अशा झुबक्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मिश्र निघाले. म्हणजे मिश्रण हाच नियम आणि एकच चित्र शेवटपर्यंत नेणं हा अपवाद. किमेल कारण सांगतात ते माझ्या अनुभवाशी जुळतं: वाचणारा चित्राला चित्र जोडत बसत नाही, तो मुद्द्याला मुद्दा जोडतो. प्रत्येक उपवाक्यातलं रूपक तो तिथल्या तिथं सोडवतो, अर्थ उचलतो, चित्र टाकून देतो आणि पुढं जातो. हरभऱ्याचा घाटा सोलून दाणा तोंडात आणि टरफल बांधावर, तसं. "चर्चेचं गुऱ्हाळ चाललं, पण प्रश्नाचं घोंगडं भिजतच राहिलं." गुऱ्हाळातून 'लांबत गेलेली' एवढा दाणा काढला, घोंगड्यातून 'निकाल न लागलेला' एवढा काढला. मधल्या 'पण'नं दोन्ही जोडले. गुऱ्हाळात घोंगडं कुठून आलं, हे कुणी विचारत नाही.

भेसळ हा शब्दच मला पटत नाही, त्याचं आणखी एक कारण आहे. एका ठिकाणी एकाहून अधिक अलंकार आले तर काय म्हणायचं, याचा विचार आपल्या शास्त्रानं केलेला आहे. तीळ आणि तांदूळ मिसळले तरी वेगवेगळे दिसतात, तशी ती संसृष्टी. दूध आणि पाणी मिसळल्यावर वेगळं काढता येत नाही, तसा तो संकर. तिथं विषय सगळ्याच अलंकारांचा आहे, नुसत्या रूपकांचा नाही. पण या दोन्ही प्रकारांना दोषांत घातलेलं नाही, त्यांची गणना अलंकारांतच होते. आणि ज्यांचं मूळ गाव पैठणजवळचं आपेगाव, त्या ज्ञानेश्वरांनी सहाव्या अध्यायात मराठी बोलांचं वर्णन करताना कानांनाच जिभा फोडल्या आहेत. शब्द कानाचा विषय, पण जीभ म्हणते हा रस आमचा, आणि इंद्रियांची आपसात भांडणं लागतात. तिथं सरमिसळ चुकून झालेली नाही. सांगायचं होतं तेच सरमिसळीचं.

मग खटकतं कधी? इथं मात्र परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे. नियम म्हणून सांगता येईल असं थोडंच आहे, तरी माझ्या टेबलावर वारंवार दिसलेल्या गोष्टी सांगतो.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची: विशेषण लावलं की निजलेलं चित्र जागं होतं. "अनुशेषाचा डोंगर भरून काढू" हे खपून जातं. "अनुशेषाचा उंचच उंच डोंगर काठोकाठ भरून काढू" असं लिहा, वाचणारा थबकतो. 'उंचच उंच'नं डोंगर उभा केला, 'काठोकाठ'नं हंडा समोर ठेवला, आता दोन्ही दिसायला लागले. प्रचारसभांच्या बातम्यांत हे फार होतं. "भ्रष्टाचाराची कीड मुळासकट उपटून टाकू" हे वाक्य मी अगणित वेळा वाचलं. किडीला मूळ नसतं. साधं 'कीड' आणि साधं 'उपटून टाकू' असतं तर कदाचित निभावलं असतं, 'मुळासकट'नं घात केला. शेतात कीड आणि तण यांचे उपाय वेगळे असतात हे ज्याला माहीत आहे, त्याला तर ते जास्तच टोचतं.

म्हणजे वाचणारा कोण, हेही आलंच. 'प्रश्न ऐरणीवर आला' यातली ऐरण शहरातल्या माझ्या बहुतेक विद्यार्थ्यांनी पाहिलेली नाही, त्यांच्या लेखी तो नुसता 'चर्चेत आला'चा पर्याय. पण बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला भट्टी पेटवून विळे-खुरपी शेवटणाऱ्या, म्हणजे तापवून-ठोकून धार काढणाऱ्या घिसाड्याला ऐरण म्हणजे तापलेलं लोखंड आणि घणाचा घाव. "ऐरणीवरचा प्रश्न भिजत पडलाय" हे माझ्या विद्यार्थ्यांना चालेल, त्याला चालणार नाही. तालुक्याच्या पानासाठी लिहिताना हे ध्यानात ठेवा. तिथं तिफण, मोट, खळं, घोंगडं हे शब्द अजून वस्तू आहेत, किंवा निदान घरातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी वस्तू आहेत.

बातमीचा विषयही चित्र जागवतो. कालवा फुटल्याच्या बातमीत 'ठेकेदाराचं बिंग फुटलं' लिहिलं की नको असलेला श्लेष होतो, आणि ज्यांचं पीक वाहून गेलं त्यांना तो लागतो. २०१७ मध्ये तुरीची सरकारी खरेदी रखडली तेव्हा 'हातावर तुरी' हा मथळा आमच्याकडे सगळ्यांनाच सुचला होता. तो मुद्दाम केलेला श्लेष होता, म्हणून चालला. तोच नकळत झाला असता तर गाफीलपणा दिसला असता.

एक घोटाळा मात्र यात धरू नका. "सरकारनं शेतकऱ्यांच्या हाताला पानं पुसली" असं एकदा आलं होतं. ही रूपकांची सरमिसळ नव्हे, वाक्प्रचाराची मोडतोड आहे. पानं तोंडाला पुसतात, हातावर तुरी देतात. एक फसवणं, दुसरं निसटणं. दोन्ही अर्धे अर्धे जोडले तर अर्थच ठरत नाही. अशी वाक्यं न विचारता दुरुस्त करावीत.

थोडक्यात माझी पद्धत अशी आहे: आधी बघतो, चित्रं निजलेली आहेत की जागी. जागी असतील तर ती एकाच गोष्टीच्या वेगळ्या बाजू दाखवतात की नुसता आवाज वाढवतात. आणि शेवटी, हे वाक्य बातमीदाराचं की बातमीतल्या माणसाचं. या तिसऱ्या प्रश्नाला मी पूर्वी पुरेसं महत्त्व देत नव्हतो.

तुमच्या वाक्याकडे येतो. 'अनुशेष' हा शब्द मराठवाड्याच्या अंगवळणी पडलेला आहे. राज्यातल्या भागांच्या विकासातली तूट मोजणाऱ्या १९८४ च्या दांडेकर समितीनंतर तो इथल्या राजकारणात, अग्रलेखांत, चहाच्या टपरीवरही आला. त्याला दोन चित्रं कायमची चिकटली. इतर भागांच्या तुलनेत आपण जिथं कमी पडलो तो खड्डा, म्हणून तो भरून काढायचा. आणि वर्षानुवर्षं न झालेली कामं साचत गेली तो ढीग, म्हणून त्याचा डोंगर. एकच तूट, आपल्याकडून पाहिली तर खड्डा, सरकारच्या टेबलावरून पाहिली तर ढीग. त्यामुळं तुमचं वाक्य लोकांना कळलं यात नवल नाही. तरीही मी डोंगर काढला असता. 'अनुशेष भरून काढण्यासाठी' एवढ्यात काम होतं, डोंगर इथं नवी बाजू दाखवत नाही. शिवाय पुढं 'भरीव' आहे. 'भरून' आणि 'भरीव' जवळजवळ आले की भरण्याचं चित्र जागं होतं आणि डोंगर आडवा येतो. 'भरीव'च्या जागी रक्कम द्या. किती कोटी लागतील हा आकडा तुमच्याकडे असेलच. तो कुठल्याही डोंगरापेक्षा बोलका असेल. हेच तुम्ही स्पर्धा परीक्षेच्या निबंधात लिहिणार असाल तर तपासणारे बहुधा काटेकोर असतात, तिथं एका वाक्यात एकच चित्र ठेवा.

सरपंचबाईंच्या वाक्याबद्दल मात्र तुमच्या वरिष्ठांशी बोला, आणि ठाम राहून बोला. 'पाणी पेटलं' हे आपल्याकडे आता रूढ झालेलं आहे. गोदावरीच्या वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडण्याचा वाद ज्यांनी वर्षानुवर्षं पाहिलाय, त्यांना यात काही विचित्र वाटत नाही. पाणी म्हणजे पाण्याचा प्रश्न, पेटणं म्हणजे भांडण पेटणं. खोऱ्यातलं पाणी सगळ्यांना न्यायानं वाटण्याची, म्हणजे समन्यायी वाटपाची, तरतूद २००५ च्या कायद्यानं केली, तरी दुष्काळी वर्षात ते पेटतंच. बाईंनी पुढं काय केलं ते बघा. पेटणं त्यांनी निजू दिलं नाही. पेटलंय ना, मग त्या जाळावर कुणीतरी पोळी भाजणारच. पहिल्या चित्रातूनच दुसरं निघालं. एका गोष्टीवर दुसरीचं रूप चढवणं याला जुन्या शास्त्रात आरोप म्हणतात, आणि असा एक आरोप दुसऱ्या आरोपाला कारण झाला की त्याला परंपरित रूपक असं नाव आहे. ज्या वाक्यावर भेसळीचा शेरा पडला, त्या वाक्यात चित्रं एकमेकांना सोडून गेलेलीच नाहीत. पाणी, जाळ आणि पोळी, तिन्ही एका चुलीवर आहेत, आणि ज्या बाईला रोज पाणी आणून त्या चुलीशी बसावं लागतं तिच्याच तोंडून ती आलीत.

ते वाक्य अवतरणचिन्हांत, 'सायेब' आणि 'घ्यायलेत'सकट, जसंच्या तसं छापायला द्या. जागा कमी पडत असेल तर तुमचं डोंगराचं वाक्य काढून तिथं ते बसवा.